निळ्या डब्यात कांदे

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगर भागातल्या २४ सदनिकांच्या एका सोसायटीच्या सचिव ताईंचं हे पत्र आहे. वय ६१, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. गेल्या पाडव्याला त्यांनी सोसायटीच्या निधीतून घरटी दोन डबे वाटले, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. लिफ्टमध्ये तक्ता लावला, ग्रुपवर माहिती टाकली, सभा घेतल्या. आज नऊ घरं नेमाने कचरा वेगळा करतात. बाकी बहुतेकांच्या निळ्या डब्यात कांदे-बटाटे आहेत. सफाईला येणारा मुलगा सकाळी मजल्यामजल्यावरून डबे घेतो, खाली गेटजवळच्या ड्रममध्ये ओततो आणि तिथून घंटागाडी कचरा नेते. मागच्या महिन्यात ताईंनी वैतागून एका घरच्या मिसळलेल्या कचऱ्याचा फोटो फ्लॅट नंबरसकट ग्रुपवर टाकला. ते कुटुंब आता जिन्यात समोर आलं तरी मान वळवतं. सोसायटीतले एक निवृत्त इंजिनिअर दर सभेत विचारतात, ‘गाडीत सगळं एकत्रच जातं, मग आपण कशाला वेगळं करायचं?’ ताईंकडे त्याला उत्तर नाही. यजमान म्हणतात, सोड हा नाद. ताईंचे प्रश्न दोन आहेत. दरमहा शंभर रुपये दंडाचा ठराव आणू का? की राजीनामा देऊन मोकळी होऊ? आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘शिकल्यासवरलेल्या माणसांना एवढी साधी अक्कल कधी येणार?’

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे येतोच, पण त्याआधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवतो. सफाईचा मुलगा सगळ्यांचे डबे खालच्या ड्रममध्ये ओततो, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ड्रम किती आहेत हे लिहिलेलं नाही. लिहिण्याच्या ओघावरून माझा अंदाज आहे की एकच आहे. तसं असेल तर त्या नऊ घरांनी रात्री निगुतीने वेगळा ठेवलेला कचरा सकाळी तुमच्याच गेटजवळ, घंटागाडीची घंटा ऐकू येण्याच्याही आधी, एक होतो आहे. इंजिनिअर साहेब गाडीवर बोट ठेवतात आणि त्यांना उत्तर देता येत नाही म्हणून तुमचा जीव जळतो. पण कचरा गाडीपर्यंत वेगळा पोचतच नसेल तर गाडीत त्याचं काय होतं हा वाद घालण्यात अर्थ नाही.

हे ज्या घरांना दिसतं त्यांच्या मनात काय येत असेल, बघा. तिसऱ्या मजल्यावरची एखादी सून गॅलरीतून खाली बघते. आपण धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या दुसऱ्या कुणाच्या खरकट्या वरणात पडताना तिला दिसतात. तिने दुसऱ्या दिवसापासून निळ्या डब्यात कांदे भरले तर तिला अक्कल नाही असं मी तरी म्हणणार नाही. तिने जे पाहिलं त्यातून बरोबर निष्कर्ष काढला.

म्हणून दंड, सभा, तक्ता हे सगळं जरा बाजूला ठेवा आणि आधी खालचं नीट करा. दोन ड्रम घ्या, झाकणाचे, रंग वेगळे, घरच्या डब्यांशी जुळणारे. ते एकमेकांना खेटून ठेवू नका, मध्ये चार पावलांचं अंतर राहू द्या. घाईत माणूस जवळच्या ड्रममध्ये ओततो, म्हणून घाईची सोयच काढून टाकायची. मुलाला हातमोजे द्या आणि पगारात वाढ द्या. हे मी दयाबुद्धीने सांगत नाही. २४ घरांचे ४८ डबे दोन ठिकाणी रिकामे करायचे म्हणजे काम वाढलं आणि वाढलेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. मेंटेनन्समध्ये घरटी दहा-वीस रुपये वाढले तरी हा खर्च निघेल. तुम्ही लावू पाहताय त्या शंभरापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. सुक्या कचऱ्यातलं जे भंगारात जातं, म्हणजे पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, डबे, त्याचे पैसे त्या मुलालाच घेऊ द्या. असं केलंत तर कोणत्या घराच्या सुक्या डब्यात भाजीची देठं येतात हे तो तुमच्याआधी ओळखेल आणि त्या घरच्या काकूंना तो जे दोन शब्द बोलेल ते तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त लागू पडतील.

आता गाडीचं. इंजिनिअर साहेबांचं म्हणणं सरसकट खोटं ठरवू नका. कधीतरी, कुठेतरी गाडीत कचरा मिसळला जातही असेल, त्यांनी तो पाहिलाही असेल. त्यांना गप्प करण्याऐवजी काम द्या. आठवडाभर सकाळी त्यांनीच खाली उभं राहायचं. गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे आहेत का, आपला ओला कुठे पडतो, सुका कुठे, हे टिपून ठेवायचं. मिसळतो असं दिसलं तर ती नोंद घेऊन तुम्ही दोघांनी मिळून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात स्वच्छता निरीक्षकांना भेटायचं. ‘तुमचे लोक काही करत नाहीत’ या तक्रारीला तिथे फारसं कुणी विचारत नाही. ‘आमच्या २४ घरांचा कचरा या तारखेपासून दोन ड्रममध्ये वेगळा असतो, तो वेगळाच उचलला जावा’ अशा लेखी अर्जाची मात्र दखल घ्यावी लागते. इंजिनिअर माणसाला चूक शोधण्याची सवय असते, ती अशी वापरून घ्या. शिवाय एकदा ते स्वतः उभे राहिले की सभेत बोलायचं ते त्यांनाच बोलू द्या, तुम्ही बोलू नका.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुम्ही तक्ता लिफ्टमध्ये लावलात, संदेश ग्रुपवर टाकलात, सभा संध्याकाळी घेतलीत. सभेला कोण आलं? बहुतेक घरातून एकेक जण, त्यातही पुरुष जास्त, असा माझा अंदाज आहे. आणि घरात कचरा डब्यात टाकतं कोण?

सकाळी साडेनऊची वेळ घ्या. भांड्याला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या आहेत. एका हातात चहाची गाळणी आहे, तिच्यात आलं-चहाचा चोथा. दुसऱ्या हातात ओट्यावर पडलेली दुधाची पिशवी, आत अजून दोन थेंब. सिंकच्या जाळीत भात अडकलाय. हिरवा डबा पायाशी, सिंकखाली आहे. निळा कोरड्या गॅलरीत, वॉशिंग मशिनच्या मागे. त्यांना अजून चार घरं करायची आहेत. निळ्या डब्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही आणि सांगितलं असेल तर एका घरी हिरवा म्हणजे ओला, दुसऱ्या घरी काळी पिशवी म्हणजे ओला, तिसऱ्या घरी ‘टाका कुठेही’. पिशवी सिंकखालच्या डब्यात जाते. संध्याकाळी सभेत त्या घरचे काका हात वर करून ‘आमचा पूर्ण पाठिंबा’ म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच माहीत नाही.

म्हणजे ज्या हातांनी हे व्हायचंय त्या हातांशी तुमचं अजून बोलणंच झालेलं नाही. तुमच्या सोसायटीत मिळून पाच-सहा मावशी येत असतील, कारण एकेकीकडे चार-पाच घरं असतात. एका दुपारी त्यांना तुमच्या घरी चहाला बोलवा. तक्ता दाखवू नका, खराखुरा कचरा समोर ठेवून बोला. त्यांच्याकडून शिकायलाही मिळेल, कोणत्या घरी काय अडतं हे त्या जितकं सांगतील तितकं घरमालक सांगणार नाहीत. आणि सगळ्या इमारतीत एकच रीत ठरवा, हिरवा म्हणजे ओला, सगळ्या घरांत, अपवाद नाही. पाच घरांत पाच नियम लक्षात ठेवा असं आपण कुणालाही सांगू शकत नाही. जिथे मावशी नाहीत तिथे हे काम बहुधा सासूबाई किंवा सून करते. तिथे बोलणं तिच्याशी, तिच्या स्वयंपाकघरात.

आणि निळा डबा गॅलरीतून उचलून सिंकजवळ आणायला लावा. जागा नसेल तर डबा नकोच, सिंकखालच्या दाराला आतून हुक लावून एक कापडी पिशवी टांगा. सुका कचरा हलका असतो, त्याला वास नसतो, तो पिशवीत दोन-तीन दिवस आरामात राहतो. निळा डबा खुशाल कांद्याला राहू द्या. कांद्याला हवेशीर भांडं लागतं, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात तो लवकर सडेल, एवढं मात्र त्या घरांना सांगा. नाशिककरांना कांद्याबद्दल सांगायची वेळ यावी हे जरा नवलच.

‘अक्कल कधी येणार’ या तुमच्या प्रश्नाबद्दल. मला वाटतं लोकांना हे सगळं माहीत आहे. ओला-सुका हे शब्द आज पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहेत. कायदा म्हणाल तर १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल या कार्यकर्त्या कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून २००० साली देशात शहरी कचऱ्याचे पहिले नियम आले आणि २०१६ च्या नियमांनी तर घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी थेट प्रत्येक घरावर टाकली. माहितीची कमतरता नाही. तुम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलंत, त्यामुळे पोरांना येत नसेल तर पुन्हा समजावून सांगायचं, हा तुमचा पहिला विचार असणं साहजिक आहे. पण हा धडा येत नसल्याचा प्रश्न नाही.

आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये घंटागाडी आली, नंतर कितीतरी शहरांनी ती कल्पना उचलली. त्याआधी कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या होत्या, भोवती कुत्री आणि गायी, आणि कचरा कुंडीपेक्षा कुंडीबाहेर जास्त. लोकांनी तेव्हा काही शपथ घेतली नव्हती. घंटा ठरावीक वेळी वाजायला लागली, गाडी दारात यायला लागली आणि कुंडी तिथे राहिली नाही. मग सकाळी डबा घेऊन खाली पळणं ही सवय आपोआप लागली. अजूनही घंटा ऐकली की अर्धवट दाढी केलेले गृहस्थ डबा घेऊन जिन्यातून उतरताना दिसतात. सोय आधी आली, शिस्त तिच्या मागून.

आता त्या नऊ घरांकडे वळू. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एक ओळ आहे आणि न करणाऱ्यांवर दीड पान. उलटं करून बघा. ही नऊ घरं का करतात? एकाच मजल्यावरची आहेत का? तिथे एकच मावशी येते का? ज्यांच्याकडे कुंड्या आहेत, गच्चीवर पुदिना-कढीपत्ता लावलाय, त्यांना खत हवं म्हणून करतात का? की एखाद्या घरात शाळकरी मुलगी आहे आणि ती आजोबांना टोकते? कारण ‘त्यांना जाणीव आहे’ एवढ्यावर थांबू नका. जाऊन विचारा. त्यांच्या स्वयंपाकघरात डबा कुठे ठेवलाय ते बघा. तुमच्या इमारतीतल्या ओट्याच्या मापात, तुमच्याच पाण्याच्या वेळात काय जमतं याचं उत्तर तिथेच तयार आहे. दहावं घर जमवायचं तर ते या नऊपैकी कुणाच्या तरी शेजारचं किंवा नात्यातलं निवडा. तुमच्यावर रागावलेलं घर शेवटी.

त्या घराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. फोटो टाकायला नको होता. कचरा मिसळला होता हे खरं असेल, पण घरचा कचरा ही फार खाजगी गोष्ट आहे. औषधांची रिकामी पाकिटं, डायपर, सॅनिटरी पॅड, फाडलेलं बँकेचं पत्र, एखादी रिकामी बाटली. घरात कोण आजारी आहे, काय चाललंय, सगळं त्यात दिसतं. तुमचा हेतू तसा नव्हता हे मला मान्य आहे. तरी २४ घरांनी तो फोटो मोठा करून पाहिला असणार, माणसाचा स्वभावच आहे. त्यांच्याकडे जा, एकट्याच जा. ‘फोटो टाकला हे चुकलं’ एवढंच म्हणा. त्याला ‘पण तुम्हीही’ जोडू नका आणि त्या भेटीत डब्याचा विषय काढू नका. ग्रुपवर सगळ्यांसमोर झालं होतं, तेव्हा ग्रुपवरही एक ओळ टाका. सोसायटीत पुढेही एकाच पाण्याच्या टाकीवर राहायचं आहे.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचा विषय निघालाच आहे. हे ना ओलं ना सुकं आणि याबद्दल सभेत कुणी बोलत नाही, म्हणून ते हमखास चुकीच्या डब्यात जातं. मग तो डबा सफाईचा मुलगा हाताने चाळतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लोकांना सांगितलं की हे वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात लावणाऱ्याला आधीच कळेल. रेड डॉट म्हणतात त्याला. खर्च शून्य. तुमच्याकडे हे सुरू करायला सभेची गरज नाही, बायकाबायकांत सांगितलं तरी पुरे. एक लहान झाकणाचा तिसरा डबा खाली ठेवा. फुटलेली काच, दाढीची पाती, सुया यांनाही हाच न्याय, कागदात नीट गुंडाळून वर खूण. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल हे रोजचं नसतं. ते वर्षातून काही वेळा एका खोक्यात साठवून, विचारून द्यायचं.

कुठलं कशात याबद्दल घराघरात जे वाद होतात त्यातले काही मिटवून टाकतो. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याची सालं, उरलेला भात, माशाचे काटे ओल्यात. आंब्याच्या कोयी आणि नारळाची करवंटीही ओल्यात, मात्र घरी खत करत असाल तर त्या बाजूला काढा, त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. चिप्सचं पाकीट आतून चंदेरी असतं, भंगारवाला ते घेत नाही, तरी ते सुक्यातच. तेलकट पिझ्झ्याचा खोका फाडा, कोरडा भाग सुक्यात, तेलकट ओल्यात. निर्माल्य ओल्यात, पण हाराचा दोरा, प्लॅस्टिकचे मणी आणि चमकी काढून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचा ढीग दोऱ्यासकट येतो, त्याचं खत झालं तरी त्यातून दोरे उपसत बसावं लागतं. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो सुटा तुकडा इतका लहान असतो की कुणीच उचलत नाही, तो भाताबरोबर ओल्यात जातो आणि खतात तसाच सापडतो. पिशवी पाण्याने विसळून ओट्याच्या कडेला उलटी ठेवली की तासाभरात वाळते आणि वाळलेल्या पिशवीला भंगारात भाव आहे.

ही एवढी कटकट कशासाठी, असं कुणी विचारलं तर? नदी, पर्यावरण, येत्या २०२७ चा सिंहस्थ असं सगळं सांगता येईल, त्यावर भाषणं भरपूर होतायत. मी साधं कारण देईन. घरच्या कचऱ्यात वजनाने निम्मा किंवा त्याहून जास्त ओला असतो. तो एकटा राहिला तर त्याचं खत होतं, गॅस होतो. पाथर्डी शिवारातल्या खत प्रकल्पावर तो मिसळून गेला तर तिथे कुणीतरी तो यंत्राने आणि हाताने पुन्हा वेगळा करतं आणि तोवर कागद भिजलेला, प्लॅस्टिक बरबटलेलं. तो पुठ्ठा मग कुणी विकत घेत नाही. जे वेगळं करता आलं नाही त्याचा ढीग होतो, ढिगात हवा नसते, मग ओला कुजताना मिथेन सुटतो, खालून काळं पाणी झिरपतं. आपल्याकडे जर्मनीच्या मदतीने हॉटेलातलं उरलंसुरलं अन्न आणि शौचालयांतला मैला यांपासून वीज करण्याचा प्रकल्प झाला. अशा ठिकाणी तर डाळीतून गेलेली एक कॅरीबॅगही यंत्रात अडकते. मिसळायला एक क्षण लागतो, ते सोडवायला दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी अख्खा दिवस जातो.

सोसायटीतच खत करावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. करा, पण आत्ता नको. दोन ड्रमची घडी बसल्यावर. घाईने हौद बांधून, महिनाभरात वास सुटून, पहिल्या मजल्याने तक्रार केली म्हणून कायमचे बंद पडलेले हौद नाशिकमध्ये पुष्कळ सापडतील. वासाचं कारण ओला कचरा नसतो, कोरडं कमी पडणं हे असतं. ओल्याच्या प्रत्येक थराला तेवढ्याच आकारमानाचा किंवा थोडा जास्त पालापाचोळा लागतो. मूठभर घेऊन दाबल्यावर ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये. आठवड्यातून एकदा-दोनदा वरखाली करायचं. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडायचं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ते काम चालू असल्याचं लक्षण आहे. अळ्या झाल्या तर कोरडं वाढवा. घरटी अर्धा ते पाऊण किलो ओला धरला तर तुमच्या २४ घरांचा रोजचा १२ ते १८ किलो होतो. त्याला आलटूनपालटून वापरायचे दोन-तीन हौद बास, कारण कुजताना ढीग झपाट्याने खाली बसतो. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास यायला लागतो.

पालापाचोळा कुठून आणायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदिरानगरच्या कॉलन्यांत झाडाखाली गोळा करून जो पेटवून देतात, तोच. आधी तो जाळू नका म्हणून वॉचमनला सांगा, मग पोत्यांत भरून जिन्याखाली कोरडा ठेवा. पावसाळ्यात त्याचीच ओढाताण होते. तेव्हा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विकत आणावं लागतं आणि मग ‘खत महाग पडतं’ असा ठराव येतो.

एकट्या-दुकट्या राहणाऱ्या वाचकांनाही या पत्रातून घेण्यासारखं आहे, कारण मला अशी पत्रं बंगल्यांतून आणि सिडकोतल्या छोट्या घरांतूनही येतात. सोसायटी ऐकत नसेल, गाडीचा भरवसा वाटत नसेल, तर फक्त सुका वेगळा ठेवा आणि तो गाडीत न देता पंधरवड्याने भंगारवाल्याला द्या. ओला एका झाकणाच्या कुंडीत किंवा जुन्या बादलीला तळाशी भोकं पाडून जिरवा. यात कुणाची परवानगी लागत नाही आणि गाडीत काय होतं याने तुमच्या घरापुरता काही फरक पडत नाही.

आता दंड. मी त्याच्या विरुद्ध नाही. महापालिकेलाही तो अधिकार आहे. पण सोसायटीत दंड लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, नोटीस हवी, ज्याला लावायचा त्याचं म्हणणं ऐकायला हवं. सचिवाने चिडून लावलेला दंड टिकत नाही. शिवाय शंभर रुपयांची एक गोची आहे, चांगलं कमावणाऱ्या घराला ती सूट वाटते. महिन्याचे शंभर भरले की वेगळं करायची कटकट संपली, असा हिशेब तुमच्याच सभेत कुणीतरी हसत मांडेल. ज्याची व्यवस्थाच नाही त्याच्यासाठी दंड लावलात तर ते नऊ जणही तुमच्या बाजूने मत देणार नाहीत. खाली दोन ड्रम असतील, मावशींना माहीत असेल, गाडी वेगळं घेत असेल आणि तरीही दोन-तीन घरं मुद्दाम मिसळत असतील, तेव्हा दंड शोभेल. आणि तेव्हाही सगळी २४ घरं जमणार नाहीत, हे आधीच धरून चला. एखादं घर कधीच करणार नाही. त्या घराचा डबा वेगळ्या ड्रमला लावा आणि पुढे जा.

राजीनाम्याचं म्हणाल तर तो तुमचा निर्णय. पद सोडल्याने या कामाचं फारसं बिघडणार नाही. मावशींना चहाला बोलवायला किंवा इंजिनिअर साहेबांना खाली उभं करायला सचिव असावं लागत नाही. पण दोन ड्रमचा खर्च आणि मुलाचा पगार सचिव असताना मंजूर करून घेणं सोपं जाईल. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही विषय टाका, दंडाचा टाकू नका, आणि सभा झाल्यावर मग ठरवा. यजमानांना म्हणावं, नाद सुटत नाही, पण फोटो काढणं बंद केलंय. ती माफीची भेट मात्र सभेपर्यंत लांबवू नका, या आठवड्यातच उरकून टाका.